आमची हरकत नाही

"लिहा," मुख्याध्यापक सोमेश्वर सर म्हणाले. "नातवाला जेवताना वेगळं बसवायला तुमची हरकत न्हाई, एवढी एकच ओळ. खाली सही. मंग म्या आजपासूनच बसवतो."

भिवा खरातने खिशातलं पेन काढलं. टोपण उघडलं. टोपण परत लावलं.

"काय झालं?"

"शाई बघत होतो."

शाई होती.

पहिला कागद

*प्रति, मा. मुख्याध्यापक, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा.*
*विषय : चि. आर्यन मिथुन खरात, इयत्ता दुसरी, यास शालेय पोषण आहाराच्या वेळी वे*

इथे कागद संपत नाही. अर्ज संपतो.

ज्या माणसाचा अर्ज अर्ध्या शब्दावर थांबला, त्याने अडतीस वर्षांत किती अर्ज लिहिले याचा अंदाज त्यालाही नव्हता. बाजाराच्या दिवशी कुंभार पिंपळगावच्या स्टँडजवळ, पत्र्याखाली. बाकीचे दिवस घनसावंगीला, तहसीलसमोर. एक घडीचं टेबल, एक खुर्ची, गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. रेशनकार्डात सुनेचं नाव चढवणे. विहीर ढासळल्याचा पंचनामा. सातबाऱ्यावर आडनाव चुकलं. म्हातारी जिवंत असल्याचा दाखला, ज्यासाठी म्हातारीला स्वतःच स्टुलावर आणून बसवलेलं असायचं.

सगळ्यात जास्त त्याने लिहिलं ते "आमची हरकत नाही." भावाने भावाला लिहून दिलं, बहिणीने भावाला, शेजाऱ्याने पाइपलाइनवाल्याला. एवढ्या वर्षांत भिवाला एक गोष्ट कळली होती: ज्याची हरकत असते, त्याच्याकडूनच ती नाही असं लिहून घेतात.

कागद नाही, नुसतं जे झालं ते

ऑगस्टात आर्यन दुपारीच शाळेतून घरी आला. अंगावर गांधी उठल्या होत्या. ओठ जाड झाले होते. भिवा त्या दिवशी घरी होता.

"पित्त उठलं," तो म्हणाला.

"पित्तच," बेबीनंदा म्हणाली. भिवाची बायको आजाराच्या बाबतीत नवऱ्याशी आयुष्यात एकदाच सहमत झाली, आणि ती वेळ नेमकी तीच निघाली.

पोरगा पित्ताचाच होता. दोन वर्षांपासून अधूनमधून उठायचं आणि बसायचं. बेबीनंदाने आमसूल भिजवून अंगाला चोळलं. भिवाने पेटीतून घोंगडी काढली आणि पोराला तिच्यात गच्च गुंडाळून मांडीवर घेतलं. त्याच्या बापाने त्याला असंच घेतलं होतं. घोंगडी टोचते, खाज बसते, पोर घामेजून झोपतं. आर्यन घामेजला. झोपल्यासारखा झाला.

भावना, आर्यनची आई, एका बियाणे कंपनीच्या शेडनेटमध्ये, म्हणजे प्लॉटवर, संकरासाठी मिरचीची फुलं चिमट्याने फोडायला जायची. ती साडेतीनला आली. तिने घोंगडी उघडली आणि पोराच्या छातीला कान लावला.

"मामा, हे झोपलं न्हाई. याला दम घेता येऊन न्हाई राह्यला," ती सासऱ्याला म्हणाली.

शेजारच्याच्या मोटारसायकलवर तिने त्याला दवाखान्यात नेलं. तिथे इंजेक्शन दिलं, तिथून जालन्याला पाठवलं. आर्यनचा बाप मिथुन जालन्यातच सळयांच्या कारखान्यात कामाला होता. तो डबा हातात घेऊनच दवाखान्यात पोचला. तिसऱ्या दिवशी लहान मुलांच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. पित्त नाही. शेंगदाणा. शाळेतल्या मटकीच्या उसळीत कूट होता, तो. पुढच्या वेळी याहून कमी खाल्ला तरी याहून जास्त होऊ शकतं. पळीला लागलेला पुरेल.

"किती वेळ घरी होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"आर्धा तास," भिवा म्हणाला. एक तास झाला होता.

डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: *शेंगदाणा पूर्ण वर्ज्य. वेगळे भांडे, वेगळी पळी. शक्यतो वेगळी जागा.*

घरी आल्यावर बेबीनंदाने कुटाचा डबा उकिरड्यावर पालथा केला. तेव्हापासून घरातल्या भाज्यांना चव राहिली नाही.

सरांचं म्हणणं

त्यांच्या बाजूनेही बघायला हवं. त्यांची नोकरी चार वर्षं उरली होती.

"भिवाजीराव, डॉक्टर लिहितो वेगळं बसवा. शिक्षणाचा कायदा सांगतो कोणाला वेगळं बसवायचं न्हाई. म्या कोणाचं ऐकू? उद्या कोणीतरी भिताडावरून फोटो काढला, ग्रुपवर टाकला, 'बौद्धाचं लेकरू बाजूला बसवलं.' खाली कोण वाचतो शेंगदाणा का काय? तुम्ही वाचाल?"

"वाचणार न्हाई," भिवा म्हणाला. "म्या बी आधी फोटोच बघल."

"मंग? म्हणून म्हणतो लिहून द्या. न्हाईतर दुपारचं घरी न्या पोराला. आपला हट्ट न्हाई."

"घरी नेलं म्हणजे शाळा सुटली का सर? तासाभराने परत आणावंच लागतं," भावना दारातून म्हणाली. "अन् त्याची आजी एका पायाने लंगडती. म्या प्लॉटवर. रोज आणायचं-न्यायचं कोणी? दोन दिवस जाईल, तिसऱ्या दिवशी बसंल घरी. मंग नावच काढून टाका म्हणा."

"असं कुठं म्हणलो ताई."

"म्हणले न्हाईत," भावना म्हणाली.

दुसरा कागद

चार दिवस गेले.

"मामा, लिहून द्या."

"लिहितो."

"चार दिवसांपासून लिहितो लिहितो करून राह्यले. दुसऱ्यायचे अर्ज चहा थंड व्हायच्या आत लिहिता."

"ते दुसऱ्यायचे असतेत."

भावनाने पोळपाट बाजूला सारला. "मला कळत न्हाई असं नका समजू. आई सांगतेत ना, तुम्ही शाळेत दारात बसायचे ते. पण तो घोंगडीत होता तव्हा त्याचे ओठ कशे दिसत होते, ते म्या बघितलं. तुमच्या मानापायी माझं लेकरू..."

"पुरं कर," बेबीनंदा म्हणाली.

भावनाने पुरं केलं. भिवाने टेबल उघडलं आणि उभ्यानेच लिहिलं.

*…माझा नातू आर्यन यास शालेय पोषण आहाराच्या वेळी इतर विद्यार्थ्यांपासून वेगळे बसवण्यास व त्याचे ताट वेगळे ठेवण्यास आमची काही हरकत नाही. हे मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून देत आहे.*

*आपला विश्वासू,*
*भिवा सखाराम खरात*

अक्षर नेहमीसारखंच. शेवटचं वाक्य सवयीने आलं होतं.

तीन आठवडे

काही झालं नाही. आर्यन रोज शाळेत गेला, रोज जेवून आला, अंगावर एक गांध उठली नाही. भावना पुन्हा प्लॉटवर जाऊ लागली. म्हणजे कागदाने त्याचं काम केलं होतं.

भिवाने पाहिलं ते

बाविसाव्या दिवशी तहसील बंद होतं म्हणून तो दुपारचा शाळेवरून गेला.

ओट्यावर चार रांगा. पोरं मांडी घालून बसलेली. ओट्याच्या टोकाला, चपलांच्या ढिगाजवळ, एक पोतं टाकलेलं आणि त्याच्यावर आर्यन. समोर स्टीलचं ताट, काठाला लाल नखपॉलिशचा ठिपका.

आजोबाला बघून तो उठलाच. "आजोबा, हे बघा माझं ताट! लाल ठिपकेवालं. याला कोणीच शिवत न्हाई."

"काहून बरं?"

"शिवलं की साबणानं हात धुवा लागतात. मलाबी शिवत न्हाईत जेवल्यावर. आमचा खेळ हाय, आजोबा. ज्याला म्या शिवलं तो बाद. म्या कधीच बाद होत न्हाई!"

फार खुशीत होता.

रांगेतल्या एका पोरीने ओरडून विचारलं, "आर्यनचे आजोबा, तुम्हाला शिवलं तर चालतं का?" आणि सगळी रांग हसली. त्यात वाईट काही नव्हतं. आर्यनही हसत होता.

भिवा नळावर गेला. हात धुतले. कशासाठी धुतले ते त्याचं त्याला कळलं नाही.

स्वयंपाकाच्या खोलीतून कौसल्याबाई पदराला हात पुसत बाहेर आली. विधवा बाई, बारा वर्षं शाळेचा आहार तीच शिजवत होती. "भिवाभाऊ, चुकलं का काही माझं?"

"न्हाई बाई. तुमचं सगळं बराबर हाय."

खरंच होतं. ती आर्यनचं आधी काढून ठेवायची, मग बाकीच्या पातेल्यात कूट टाकायची. त्याच्या पळीला सुतळी बांधली होती. पोरांना हात धुवायला तिनेच शिकवलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं ती करत होती, आणि ते सगळं मिळून जे झालं होतं ते ओट्याच्या टोकाला बसलं होतं.

"बराबर हाय, पण माझी कंबर गेली," कौसल्याबाई म्हणाली. "दोन पातेले, दोन पळ्या, घासायचा काथ्या बी येगळा. एकटी बाई म्या. म्हणावं त्यो कूटच बंद करा सगळ्यायचा. एक पातेलं, एक पळी, झालं. कूट न्हाई टाकला तर काय लेकरं उपाशी मरतेत का?"

ती रागात बोलली होती. भिवा तिच्याकडे बघत राहिला.

"हे मीटिंगात बोलाल का, बाई?"

"म्या? पुंजाराममालकासमोर? बिलकुल न्हाई!"

पुंजाराम शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष. शेंगदाणे त्याच्याच शेतातून यायचे. दर हंगामाला एक पोतं, शाळेला फुकट. आणि डिसेंबरात त्याची आई तुळजाबाई हिच्या पुण्यतिथीला साऱ्या शाळेला शेंगदाण्याचे लाडू. अकरा वर्षं.

तिसरा कागद

बाजाराच्या दिवशी भिवाने दोन गिऱ्हाइकं परत पाठवली. एकाने विचारलं, "काय मामा, कोणाचं एवढं मोठं लिहून राह्यले?"

"घरचं."

"मंग फुकट असंल," तो म्हणाला आणि स्टुलावर बसून बिडी ओढून गेला.

*विषय : दि. १२ सप्टेंबर रोजी दिलेले ना हरकत पत्र मागे घेणेबाबत.*

संध्याकाळी भावनाने कागद उजेडात धरून वाचला. ती बारावी होती. अर्जातली भाषा तिला येत नव्हती, पण कमी काय आहे ते दिसत होतं.

"वेगळं बसवू नये, वेगळं बसवू नये, तीनदा लिहिलं तुम्ही. अन् मंग लेकरू वाचंल कसं?"

"कौसल्याबाई म्हणल्या, कूटच बंद..."

"त्या रागात म्हणल्या. उद्या त्या गेल्या, दुसरी बाई आली. उद्या सर बदलले. तव्हा काय करायचं? जे पाहिजे ते लिहा, मामा. एकेक. आधी माझं लिहा. तुमचं मंग."

तिने बोलायचं, त्याने लिहायचं, असं झालं. स्टुलावर पहिल्यांदाच त्याची सून बसली होती. शाळेच्या स्वयंपाकात शेंगदाणा, कूट, शेंगदाण्याचं तेल बिलकुल नाही. वाढदिवसाला वाटायची चिक्की शाळेत नाही. जेवणाआधी जे शिक्षक चव घेऊन रजिस्टरला सही करतात, त्यांनी हेही बघून सही करायची. आरोग्य उपकेंद्रात इंजेक्शन कायम शिल्लक राहावं असं पत्र शाळेने द्यायचं. दोन शिक्षकांनी नर्सबाईकडून खुणा शिकून घ्यायच्या: ओठ, आवाज, दम. हे सगळं ठरावात घ्यायचं आणि स्वयंपाकाच्या खोलीच्या भिंतीवर रंगाने लिहायचं.

"अन् पित्त समजून घोंगडीत गुंडाळू नये, हेबी लिहा," भावना म्हणाली.

भिवाचं पेन थांबलं.

"तुम्हाला न्हाई म्हणून राह्यले मामा. कोणीबी गुंडाळल. माझ्या माईनं बी गुंडाळलं असतं."

त्याने लिहिलं. मग तिने म्हटलं, "आता तुमचं लिहा," आणि ती चूल पेटवायला गेली.

भिवाने दोन ओळी लिहिल्या. वाचल्या. खोडल्या.

मीटिंग

सात सदस्य, एक पंखा. सरांनी अर्ज वाचून दाखवला. घोंगडीचं वाक्य आलं तेव्हा दोन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

पुंजाराम ऐकत होता. पासष्टीचा, पांढरा शर्ट, बोटात अंगठी. वाचून झाल्यावर तो हसला.

"भिवा, तुमचं काही कळंना गड्या. पिढ्यान्‌पिढ्या म्हणले, वेगळं नको. मंग मागच्या महिन्यात कागद दिला, वेगळं पाहिजे. आता कागद दिला, वेगळं नको, सगळ्यायचंच बदला. एका लेकरापायी एकशेचाळीस लेकरांच्या तोंडाची चव काढता का?"

भिवाने हात मांडीवर ठेवले.

भावना बोलायला लागली तर तिचा आवाज आधी फाटला. "काका, लेकरू तुमचं असतं तर?"

"माझं असतं तर म्या डबा दिला असता."

"डब्याला शेजारच्याचा हात लागतो."

"मंग बसू दे की बाजूला! चाललं होतं ना बराबर?"

चहा घेऊन आलेली कौसल्याबाई ट्रे धरून उभीच होती. "चाललं होतं," ती म्हणाली, "कारण म्या दोनदा घासत होते. मालक, एक दिवस तुम्ही या घासायला. माझं काय, तुमच्या सुनेला विचारा, दोन चुलींचा सैपाक एका बाईनं करायचा म्हंजे काय असतं ते. करता येत असंल तर करा दोन. न्हाईतर एकच ठिवा. पण कूट टाकून एक ठिवायचं, तर हे लेकरू मरतं. बिगरकुटाचं ठिवलं तर कोणीच मरत न्हाई. म्या शाळा शिकलेली न्हाई, पण एवढा हिशेब येतो."

एक सदस्य हसला. दुसरी म्हणाली, "बाई बराबर बोलली."

"म्हंजे माझ्या मायचा लाडू बी बंद?" पुंजाराम म्हणाला. आवाज आता वेगळा होता. "माय स्वतः शेंगा फोडायची. दात न्हाई राह्यले तव्हाबी वाटून खायची. तिच्या नावानं दुसरं काय वाटू म्या?"

पंखा फिरत होता.

सरांनी अर्जाचा शेवटचा कागद उलटला. "भिवाजीराव, इथं खाडाखोड हाय. ठरावाला जोडायचा तर खोडल्याजागी अर्जदाराची छोटी सही पाहिजे. ती हाय. अध्यक्षांची बी लागंल."

भिवाला ते माहीतच होतं. तो गिऱ्हाइकांना नेहमी सांगायचा: खोडताना गिरगटायचं नाही. एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, नाहीतर साहेबाला वाटतं तुम्ही काही लपवलं. हाताने सवयीने तेच केलं होतं. एक सरळ रेघ. बाजूला भि. स. ख.

पुंजारामने चष्मा लावला. सही कुठे करायची ते बघायला त्याने कागद जवळ घेतला, आणि रेघेखालचं वाचलं.

~~*१९७२ च्या दुष्काळात याच ओट्यावर खायला सरकारी सुकडी वाटत. रांगेतल्या मुलांना हातात देत. मला टोकाला उभं करून वरून माझ्या सदऱ्यात टाकत. तेव्हा माझी हरकत कोणी विचारली नव्हती.*~~

१९७२ साली पुंजाराम पाचवीत होता. भिवाही.

त्याने ते एकदा वाचलं. मग पुन्हा वाचलं असावं, कारण फार वेळ गेला. सर म्हणाले, "फक्त सही, मालक. वाचायची गरज न्हाई, ते रद्द हाय."

"हे खोडलं काहून?" पुंजारामने विचारलं. पहिल्यांदाच त्याने भिवाकडे सरळ पाहिलं.

"विषयाला धरून नव्हतं," भिवा म्हणाला.

पुंजारामने पेन मागितलं. भिवाने आपलं दिलं. त्याने रेघेच्या बाजूला छोटी सही केली, मग ठरावाच्या रजिस्टरला मोठी. पेनचं टोपण नीट लावून परत केलं. उठताना तो भावनाला म्हणाला, "राजगिऱ्याचे चालतेत का, डॉक्टरला विचारून ठिव, बाई. कौसल्यानं इथंच वळले पाहिजेत, दुकानाचे नकोत." भिवाला काही न म्हणता तो गेला.

ठराव क्रमांक ४

*सर्वानुमते मंजूर.*

डिसेंबर

तुळजाबाईच्या पुण्यतिथीला भावनाने प्लॉटवर सुट्टी टाकली. डॉक्टर हो म्हणाले होते, लाडू कौसल्याबाईने तिच्यासमोर वळले होते, भिंतीवर निळ्या रंगात सगळं लिहिलं होतं. तरी ती फाटकाबाहेर उभी राहिली, गावातली एकमेव रिक्षा सांगून ठेवून. रिक्षावाला दोनदा म्हणाला, "ताई, काही होत न्हाई." दोन्ही वेळा तिने मान हलवली आणि जागची हलली नाही.

पुंजाराम आला नव्हता. लाडवांचा डबा त्याने गड्याकरवी पाठवला होता, रिकामा, धुवून.

भिवा बाजार उरकून तसाच आला आणि सुनेच्या शेजारी उभा राहिला. ओट्यावर वाढून झालं होतं. त्याची नजर आधी टोकाला गेली. तिथे फक्त चपला होत्या.

मग त्याने रांगांकडे पाहिलं. पांढरे शर्ट, वाकलेली डोकी, तेल लावून चापून बसवलेले केस, सगळ्यांचे सारखे. पहिली रांग बघून झाली. दुसरी. एकजण आर्यनसारखा वाटला, त्याने मान वर केली तर दुसराच कोणी होता. तिसरी. चौथी.

"दिसला का?" त्याने भावनाला विचारलं.

"हाय तिथंच," ती म्हणाली. तिला दिसत होता.

भिवाने डोळ्यांवरचा चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत लावला आणि पहिल्या रांगेपासून पुन्हा बघायला सुरुवात केली. त्याला काही घाई नव्हती.